आधी सामना, मग सहल : युरोपातील फुटबॉल आणि त्याची गावे

भारतातून युरोपला निघणाऱ्या समूह सहलींचा साचा गेली कित्येक वर्षे ठरलेला आहे. दहा-पंधरा दिवसांत पाच-सात देश, रोज सकाळी बॅगा बसमध्ये, मार्गदर्शकाच्या मागोमाग एका स्मारकाकडून दुसऱ्या स्मारकाकडे, आणि रात्री शक्यतो भारतीय जेवण. या साच्याशेजारी आता एक निराळी सहल उभी राहिली आहे. तिच्यात शहरे दोन किंवा तीनच असतात. त्यांतल्या एखाद्या स्टेडियममध्ये प्रत्यक्ष फुटबॉल सामना पाहायचा, आणि आधीचे-नंतरचे दिवस त्या शहराचा इतिहास, खाणेपिणे, संग्रहालये आणि वस्त्या पाहण्यात घालवायचे, अशी तिची आखणी असते. दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे एखाद्या इंग्रजी किंवा स्पॅनिश क्लबचे सामने पाहिलेली तरुण मंडळी, त्यांचे आईवडील, महाविद्यालयातील जुने मित्र असे गट अशा सहलींना निघतात.

वरवर पाहता जुन्याच सहलीत एका कार्यक्रमाची भर पडली, असे वाटते. प्रत्यक्षात मात्र सहलीचे सारे गणित उलटे होते. आयफेल मनोरा मंगळवारी पाहिला काय किंवा बुधवारी पाहिला काय, तो जागचा हलत नाही. सामना मात्र ठरलेल्या मैदानावर, ठरलेल्या तासाला, एकदाच होतो. त्याची तारीख पर्यटन कंपनीच्या हाती नसते, आणि पुष्कळदा क्लबच्याही हाती नसते. त्यामुळे विमान, हॉटेल, व्हिसा, संग्रहालयाची वेळ हे सारे त्या एका तारखेभोवती बांधावे लागते. हे ध्यानी न घेता आखलेल्या सहलीत लाखो रुपये खर्चून स्टेडियमच्या बंद दाराचे छायाचित्र तेवढे पदरी पडते.

तारीख का हलते, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. इंग्लंडमध्ये सामना म्हणजे शनिवारी दुपारी ३ वाजता, हा संकेत कापडगिरण्यांच्या काळातला. १८५० च्या कारखाना कायद्याने गिरण्यांतील स्त्रिया आणि किशोरवयीन कामगारांचे शनिवारचे काम दुपारी २ वाजता थांबवण्याचे बंधन घातले. गिरणी सुटली की मैदानाकडे वळायचे, ही सवय त्यातून पडली. आजही शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत ब्रिटनमधील घरगुती दूरचित्रवाणीवर फुटबॉलचा थेट सामना दाखवता येत नाही. लोकांनी घरी न बसता जवळच्या मैदानावर जावे, हा त्यामागचा हेतू. १९६० च्या दशकापासून चालत आलेली ही प्रथा आहे. गंमत अशी, की नागपुरात किंवा इंदुरात बसलेला प्रेक्षक तोच सामना रात्री साडेसात-साडेआठला आरामात पाहू शकतो आणि मैदानापासून दोन मैलांवर राहणारा माणूस पाहू शकत नाही.

दुपारी ३ चा संकेत उरला असला, तरी मोठ्या क्लबांचे सामने आज शुक्रवार रात्रीपासून सोमवार रात्रीपर्यंत कधीही असू शकतात. प्रीमियर लीगचे वेळापत्रक सामान्यतः जून महिन्यात जाहीर होते. पण कोणता सामना थेट दाखवायचा, हे प्रसारण कंपन्या नंतर टप्प्याटप्प्याने ठरवतात आणि त्याप्रमाणे दिवस आणि वेळ बदलते. हे अनेकदा महिना-दीड महिना आधी कळते. क्लबला चषक स्पर्धेत पुढची फेरी खेळायची असली, की लीगमधला सामना कधी दोन दिवसांनी, तर कधी दोन महिन्यांनीही पुढे जातो. स्पेनमध्येही सामन्याची नेमकी वेळ काही आठवडे आधीच निश्चित होते. तिथे तो रात्री ९ वाजता सुरू होणे नवलाचे नाही. हिवाळ्यात ती भारतातली मध्यरात्रीनंतर दीडची वेळ असते.

याच काळात व्हिसाचेही घड्याळ चालू असते. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी अर्ज करता येतो. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी तीन महिने आधी. म्हणजे सामन्याची नेमकी वेळ ठरण्यापूर्वीच बहुतेकांना प्रवासाचा आराखडा सादर करावा लागतो. ब्रिटन शेंगेन क्षेत्रात नाही, ही गोष्ट तर फुटबॉलप्रेमींनी विशेष लक्षात ठेवायला हवी. स्पेन, मग इंग्लंड, मग जर्मनी असा क्रम लावला, तर दोन स्वतंत्र व्हिसा लागतातच. शिवाय शेंगेन व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा असावा लागतो. क्रम बदलून इंग्लंड आधी ठेवले, तर ही अडचण मुळातच उरत नाही. अनुभवी आयोजक शनिवारचा सामना धरून गुरुवारी पोहोचतात आणि मंगळवारी निघतात. मधले मोकळे दिवस सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी म्हणून दाखवले जातात आणि ते तसे असतातही. पण त्यांचे दुसरे काम सामना सरकला तर त्याला जागा देणे हे असते.

तिकिटाची पेच

तारखेपेक्षाही अवघड प्रश्न तिकिटाचा आहे. मुंबईत नाटकाचे तिकीट खिडकीवर मिळते, त्या हिशेबाने लिव्हरपूल, आर्सेनल किंवा मँचेस्टर युनायटेडच्या सामन्याचे तिकीट मिळत नाही. बहुतेक आसने वर्षभराच्या हंगामी तिकिटांवर आधीच गेलेली असतात. उरलेली क्लबच्या सदस्यांना क्रमाने किंवा सोडतीने मिळतात. परदेशी पर्यटकाच्या वाट्याला येतात ती मुख्यतः आतिथ्य-पॅकेजची तिकिटे, म्हणजे भोजन, बैठक-कक्ष आणि आसन एकत्र असलेली. ती क्लबकडून किंवा क्लबने अधिकृत केलेल्या विक्रेत्याकडून मिळतात आणि साध्या तिकिटाच्या कितीतरी पट महाग असतात.

या दोन किमतींमधल्या फटीत अनधिकृत विक्रेत्यांचा धंदा चालतो. एखाद्या सदस्याचे ओळखपत्र किंवा मोबाइलवरचे तिकीट सामन्यापुरते उधार घ्यायचे, पर्यटकाच्या हाती द्यायचे आणि रात्री परत घ्यायचे, ही त्याची नेहमीची रीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४ च्या फौजदारी न्याय आणि सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याच्या १६६ व्या कलमानुसार फुटबॉल सामन्यांची तिकिटे परवानगीविना विकणे हा गुन्हा आहे. नाटक किंवा गाण्याच्या मैफलीच्या तिकिटांना असा सरसकट नियम तेथे नाही. फुटबॉललाच तो लागू आहे. कारण महसुलाचे नसून सुरक्षेचे आहे. परस्परविरोधी संघांचे समर्थक वेगवेगळ्या भागांत बसावेत म्हणून कोणते आसन कोणाला गेले, हे क्लबला ठाऊक असावे लागते. हातोहात फिरलेले तिकीट ही व्यवस्था मोडते.

या कलमातला एक तपशील सहल काढणाऱ्यांसाठी महत्त्वाचा आहे. तिकीट थेट न विकता दुसऱ्या एखाद्या वस्तूच्या किंवा सेवेच्या मोबदल्यात ‘सोबत’ देणे, हेही त्यात विक्रीच मानले आहे. तेव्हा ‘हॉटेलचे पैसे घ्या, तिकीट आमच्याकडून भेट’ अशी योजना कायद्याच्या कक्षेबाहेर राहत नाही. कलमाचा रोख विकणाऱ्यावर आहे. पण दारात अडवला जातो तो मात्र तिकीट हाती असलेला माणूस. क्लबला संशय आला तर तिकीट रद्द होते आणि पैसे कोणाकडे मागायचे, हा प्रश्न उरतो.

म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकाला काही साधे प्रश्न विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही. तिकीट कोण देणार आहे, आणि तो क्लबच्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत आहे का? ही यादी क्लब स्वतः प्रसिद्ध करतात आणि ती पडताळता येते. तिकिटावर प्रवाशाचेच नाव असेल का? सामना दोन दिवसांनी सरकला तर हॉटेलचा वाढीव खर्च कोणाचा? सामना सहलीच्या बाहेरच गेला तर किती रक्कम परत? गटातल्या सगळ्यांना एकत्र बसायला मिळेल, असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर जरा सावध व्हावे. लोकप्रिय क्लबच्या मैदानावर तीस जणांची सलग जागा सहसा नसते, दोघे-चौघे असे विखरूनच बसावे लागते. ही उत्तरे लेखी असावीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. परंतु तिथे तोंडी आश्वासनाचा पुरावा देणे कठीण जाते.

खर्चाच्या हिशेबात आणखी एक रक्कम धरावी लागते. परदेशी टूर पॅकेज घेताना विक्रेता प्राप्तिकर कायद्याखाली उगमस्थानी कर गोळा करतो. हा टीसीएस पॅकेजच्या किमतीवर वेगळा भरावा लागतो. त्याचा दर आणि मर्यादा अलीकडच्या अर्थसंकल्पांत बदलत आल्या आहेत, त्यामुळे आरक्षणाच्या दिवशीचा दर विचारून घ्यावा. ही रक्कम बुडत नाही. विवरणपत्र भरताना ती करात वळती होते किंवा परतावा म्हणून मिळते. तोवर ती अडकून राहते, एवढेच. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंच्या वैद्यकीय खर्चाचा विमाही आवश्यक असतो.

एका भाड्याच्या भांडणाचे शहर

एवढा खटाटोप करून पोहोचायचे कशासाठी, याचे उत्तर शहरांमध्ये आहे. लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्ड मैदानावर पहिला मुक्काम एव्हर्टन क्लबचा होता. मैदानाच्या भाड्यावरून जॉन हाउल्डिंग यांच्याशी वाद झाला, एव्हर्टन १८९२ मध्ये स्टॅन्ली पार्कपलीकडे गुडिसन पार्कला निघून गेला, आणि रिकाम्या मैदानासाठी हाउल्डिंग यांनी नवा क्लब उभा केला. तोच लिव्हरपूल. दोन्ही मैदानांमधले अंतर चालत जाण्याइतके आहे आणि एकाच घरात दोन्ही क्लबांचे समर्थक असणे तिथे नेहमीचे.

२०२५ पासून एव्हर्टनचा पुरुष संघ मर्सी नदीकाठच्या ब्रॅमली-मूर गोदीतील नव्या स्टेडियममध्ये खेळतो आणि गुडिसन पार्क महिला संघाचे घर झाले आहे. या स्टेडियमचा शहराच्या वारशाशी थेट संबंध आला. लिव्हरपूलचा बंदरभाग २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला होता. २०२१ मध्ये युनेस्कोने तो यादीतून काढला. किनाऱ्यावरच्या नव्या बांधकामांनी मूळ स्वरूप बिघडले, असे कारण दिले, आणि त्या बांधकामांत या स्टेडियमचाही उल्लेख होता. ओसाड पडलेल्या गोदीला काम मिळाले, की वारसा गेला, यावर शहरात आजही दोन मते आहेत. बीटल्सच्या खुणा पाहायला आलेल्या गटाने अर्धा दिवस या गोद्यांसाठी राखून ठेवला, तर हा वाद त्यांना प्रत्यक्ष पाहता येईल.

अ‍ॅनफील्डवर सामन्याआधी सारे प्रेक्षक ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे गीत गातात. हे मूळचे १९४५ च्या ‘कॅरोसेल’ या अमेरिकी संगीतिकेतले. १९६३ मध्ये लिव्हरपूलच्याच जेरी अँड द पेसमेकर्स या गटाने ते ध्वनिमुद्रित केले आणि ते मैदानावर आले. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे ९७ समर्थक मृत्युमुखी पडले. त्या घटनेनंतर या गीताचा अर्थच बदलला. समर्थकांनाच दोषी ठरवणाऱ्या एका लंडनच्या वृत्तपत्राला या शहरातले अनेक लोक आजही हात लावत नाहीत. मृतांच्या कुटुंबीयांनी सत्तावीस वर्षे लढा दिला. २०१६ मध्ये न्यायचौकशीच्या ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा हत्या ठरवले आणि समर्थक निर्दोष असल्याचे नोंदवले. मैदानाबाहेरच्या स्मारकावर त्यांची नावे आहेत. गटाच्या मार्गदर्शकाने हे आधी सांगून ठेवावे. म्हणजे तिथे पोहोचल्यावर हसतखिदळत सेल्फी काढण्याचा मोह आपोआप आवरतो.

याच मैदानावर पर्यटकांनी जाणून घ्यावी अशी आणखी एक घटना घडली. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी संडरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून बाहेर गेले. नव्या स्टँडमधील सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे होणार होते, त्याचा तो निषेध. लिव्हरपूल तेव्हा २-० ने पुढे होता. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. काही दिवसांत मालकांनी क्षमा मागून ती दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी प्रीमियर लीगच्या क्लबांनी पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी तिकिटाची कमाल किंमत ३० पौंड ठरवली.

जगभरातून येणाऱ्या चाहत्यांचा या प्रश्नाशी संबंध आहे. वर्षातून एकदा येणारा पर्यटक तिकिटासाठी पाचपट पैसे मोजतो आणि क्लबच्या दुकानातही खरेदी करतो; दर पंधरवड्याला येणारा स्थानिक माणूस यांतले काही करत नाही. क्लबच्या जमाखर्चात कोणाची किंमत अधिक, हे उघड आहे. पण ज्या गजरासाठी पर्यटक हजारो मैलांवरून येतो, तो गजर स्थानिक माणूसच करतो. आसनांचे प्रमाण कुठवर पर्यटकांकडे झुकू द्यायचे, हा इंग्लिश क्लबांपुढचा खरा प्रश्न आहे, आणि समूह सहलींच्या वाढीने तो सुटणार नाही, तीव्रच होईल. भारतीय गटाने यात अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. मात्र आपण कोणाच्या तरी शेजारी, त्याच्या नेहमीच्या जागेलगत बसलो आहोत, याची जाण ठेवली तर वागणे आपोआप सुधारते. यजमान संघाच्या भागात पाहुण्या संघाचा शर्ट घालू नये, खेळ चालू असताना मोबाइल उंचावून शेजाऱ्याची दृष्टी अडवू नये, आणि अर्धा शर्ट एका संघाचा, अर्धा दुसऱ्याचा असले गळपट्टे पर्यटकाची खूण मानले जातात, हेही ठाऊक असावे. इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्यान्वये मैदान दिसेल अशा जागी मद्य घेता येत नाही.

लिव्हरपूलच्या उत्तरेला, फार दूर नाही, ब्लॅकबर्न आहे. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या इंग्लिश फुटबॉल लीगच्या मूळ बारा क्लबांपैकी ब्लॅकबर्न रोव्हर्स हा एक. त्याने १९९४-९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकली होती आणि नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्हेंकीज उद्योगसमूहाने तो विकत घेतला. २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला आणि मालकांविरुद्ध समर्थकांची निदर्शने झाली. पुण्याचे नाव त्या गावात फुटबॉलमुळे पोहोचले, ते असे. शेजारच्या डार्वेनला सप्टेंबर १९३१ मध्ये महात्मा गांधी आले होते. भारतातील परदेशी कापडावरील बहिष्कारामुळे ज्यांचे काम गेले, त्या गिरणी कामगारांना ते स्वतः भेटले आणि कामगारांनी त्यांचे स्वागत केले. त्या भेटीची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. मुंबईच्या गिरणगावाची आठवण असलेल्या मराठी माणसाला हा परिसर परका वाटणार नाही. पण सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत तो क्वचितच दिसतो.

बिल्बाओ : आपली माणसे, आपला संघ

स्पेनची फुटबॉल सहल म्हणजे बार्सिलोना आणि माद्रिद, असे समीकरण झाले आहे. संस्कृतीसह फुटबॉल पाहायचा असेल तर उत्तरेकडचे बिल्बाओ अधिक सरस आहे. बास्क प्रदेशातल्या या बंदरात खाणी, गोद्या आणि जहाजबांधणीमुळे ब्रिटिश कामगार आणि अभियंते आले. इंग्लंडात शिकून परतलेल्या स्थानिक तरुणांनीही खेळ आणला. १८९८ हे अ‍ॅथलेटिक क्लबचे स्थापना वर्ष. क्लबचे नाव इंग्रजी राहिले ते यामुळेच. फ्रँकोच्या राजवटीत ते सक्तीने स्पॅनिश करण्यात आले होते. नंतर मूळ नाव परत आले.

या क्लबचा एक नियम जगात अपवादात्मक आहे. जन्माने बास्क प्रदेशातील किंवा तिथे फुटबॉल शिकून घडलेल्या खेळाडूंनाच तो संघात घेतो. कोट्यवधी युरो मोजून जगभरातून खेळाडू आणण्याच्या काळात हा हट्ट वेडेपणाचा वाटेल. तरीही स्पेनच्या सर्वोच्च श्रेणीतून कधीच खाली न गेलेले जे तीन क्लब आहेत, त्यांत रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांच्यासोबत तिसरा अ‍ॅथलेटिक आहे. सान मामेस या त्यांच्या स्टेडियमला लोक ‘कॅथेड्रल’ म्हणतात. सिंहांपुढे टाकलेल्या, पण सिंहांनी न मारलेल्या संत मामेस यांच्यावरून हे नाव पडले, आणि म्हणून खेळाडू ‘सिंह’ ठरले. तिथे पिचिची या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या, १९२२ मध्ये तरुणपणीच निधन पावलेल्या आघाडीच्या खेळाडूचा अर्धपुतळा आहे. या मैदानावर प्रथमच खेळायला आलेला संघ त्या पुतळ्याला पुष्पगुच्छ वाहतो.

सामन्याआधीचे दोन तास लिसेन्सियादो पोसा या रस्त्यावर काढावेत. अख्खा रस्ता लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टांनी भरलेला असतो. आजी, नातू, सगळे. पावाच्या तुकड्यावर मासा, मिरची, अंडे असे काही रचून दिलेले पिंचो हे तिथले खाणे. शाकाहारी मंडळींनी बटाट्याच्या ऑम्लेटपुढे फार अपेक्षा ठेवू नये, आणि अंडेही चालत नसेल तर गेर्निकाच्या तळलेल्या हिरव्या मिरच्यांवर भिस्त ठेवावी. त्या तिखट नसतात. आणखी एक सूचना : ‘मांस नको’ एवढेच सांगून भागत नाही, हॅम आणि मासा नको, असे नाव घेऊन सांगावे लागते.

फ्रँक गेरी यांचे गुगेनहाइम संग्रहालय १९९७ मध्ये नदीकाठच्या जुन्या औद्योगिक जागेवर उभे राहिले आणि कारखाने बंद पडलेल्या शहराला पर्यटनाने सावरले, ही कथा सर्वज्ञात आहे. पण त्याच नदीवर एप्रिल २०२४ मध्ये जे घडले, ते गावाच्या दृष्टीने अधिक मोठे होते. अ‍ॅथलेटिकने चाळीस वर्षांनी स्पेनचा राजचषक जिंकला आणि १९८४ नंतर प्रथमच ‘गाबारा’ पाण्यात उतरली. ही मालवाहू सपाट नाव. विजयी संघाने तिच्यात बसून नदीतून शहरात यायचे, अशी प्रथा. दोन्ही काठांवर लाखोंची गर्दी लोटली. ज्यांचा जन्म १९८४ नंतरचा, त्यांनी तोवर ही मिरवणूक वडीलधाऱ्यांकडून ऐकली होती, एवढेच. बिल्बाओपासून तासाभरावर गेर्निका आहे. २६ एप्रिल १९३७ च्या बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झालेले हे गाव पिकासोच्या चित्रामुळे जगाला माहीत झाले. बास्क स्वातंत्र्याचे प्रतीक मानला जाणारा ओक वृक्षही तिथेच आहे. आपलीच माणसे घेऊन खेळण्याचा अ‍ॅथलेटिकचा आग्रह कुठून येतो, हे तिथे उभे राहिल्यावर समजते.

तिकीट न मिळाल्यास महिलांचे सामने हा उत्तम पर्याय आहे, आणि तो दुय्यम समजू नये. याच सान मामेसवर ३० जानेवारी २०१९ रोजी महिलांच्या चषक सामन्याला ४८,१२१ प्रेक्षक होते. तिकिटे तुलनेने सहज आणि स्वस्त मिळतात, कुटुंबासह जाणाऱ्या गटाला एकत्र बसताही येते.

कोळशाच्या प्रदेशात

जर्मनीतील रुहर खोऱ्यात डॉर्टमुंड आणि शाल्क हे दोन प्रतिस्पर्धी क्लब तीसेक किलोमीटरच्या अंतरावर आहेत. दोन्हीही कोळसा आणि पोलादाच्या कामगार वस्त्यांतून उभे राहिले. जर्मनीतली शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये याच परिसरातील बोट्रॉप येथे बंद झाली. शाल्कच्या स्टेडियममध्ये खेळाडू ज्या बोगद्यातून मैदानावर येतात तो खाणीतील भुयारासारखा घडवला आहे, आणि सामन्याआधी खाणकामगारांचे जुने गीत गायले जाते. खाण गेली, गीत राहिले. शेजारच्या एसेनमधील झोलफेराइन ही खाण आता जागतिक वारसा आहे. ती पाहून मग सामना पाहिला तर दोन्हींचा अर्थ लागतो.

डॉर्टमुंडच्या स्टेडियममध्ये ८१ हजारांहून अधिक प्रेक्षक मावतात. त्यांतले सुमारे २५ हजार एकाच दक्षिण स्टँडमध्ये उभे राहतात. हीच ती ‘पिवळी भिंत’. इंग्लंडमध्ये हिल्सबरोनंतर वरच्या श्रेणीच्या मैदानांवर सर्वांना आसन सक्तीचे झाले. जर्मनीने उभे राहण्याची जागा राखली, आणि ती तिकिटे स्वस्तही ठेवली. यामागे मालकीचा नियम आहे. क्लबच्या कंपनीत मतांचा निम्म्याहून किमान एक मत अधिक वाटा सदस्यांच्या संस्थेकडेच असावा, असे तिथली लीग सांगते. काही क्लब त्याला अपवाद आहेत. समर्थकच मतदार असल्याने तिकिटाचे दर मनमानेल तसे वाढवणे अवघड जाते. डॉर्टमुंडच्या सामन्याचे तिकीट त्या दिवशी परिसरातील सार्वजनिक वाहतुकीलाही चालते. पेय ज्या पेल्यात मिळते त्याची अनामत रक्कम घेतात. पेला परत दिला की ती मिळते. रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे खरेदी शनिवारी सामन्याआधी उरकावी. आणि पिवळ्या भिंतीतले तिकीट मिळाले तरी ज्येष्ठांनी तिथे जाण्याआधी विचार करावा. दोन तास बसायला मिळत नाही.

विश्वचषकाच्या सहली हा निराळा प्रकार आहे. २०२६ च्या स्पर्धेत तीन देश, सोळा शहरे, ४८ संघ आणि १०४ सामने. तिथे शहर सजते ते पाहुण्यांसाठी, आणि प्रेक्षकांत निम्मे जग असते. उत्सव म्हणून त्याला तोड नाही. पण गावाचे आणि क्लबचे शतकभराचे नाते पाहायचे असेल, तर लीगच्या साध्या शनिवारी जावे लागते.

तो साधा शनिवार मोठ्या क्लबच्या मैदानावरच असला पाहिजे, असेही नाही. लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या पलीकडे बर्कनहेड येथे ट्रॅनमिअर रोव्हर्स हा छोटा क्लब आहे. त्याचे प्रेंटन पार्क मैदान साध्या वस्तीत आहे. अशा खालच्या श्रेणीतल्या सामन्यांची तिकिटे बहुधा क्लबकडूनच, छापील दरात मिळतात, आणि वीस-पंचवीस जणांच्या गटालाही एकत्र बसता येते. इंग्रजी फुटबॉलचे चमकदार रूप तिथे दिसणार नाही. मांसाचा पाय, बटाट्याचे काप, कडक चहा आणि पंचावर नाव घेऊन ओरडणारे निवृत्त गोदीकामगार दिसतील. नदी ओलांडायला फेरीबोट आहे.